कूलरची टाकी भरलेलीच

होळीची राख चौकातून उडून जायच्या आतच नांदेडचा उन्हाळा दारात येऊन बसतो. या वर्षीही आला. गच्चीवरच्या टाकीचं पाणी सकाळीच हाताला चटका द्यायला लागलं आणि कूलरचं गवत विकणारा हातगाडीवाला गल्लीत ओरडून गेला. मी माळ्यावरून कूलर उतरवला, बाजूच्या जाळ्या काढल्या आणि जुनं, काळं पडलेलं गवत उपसून टाकलं. त्याचा कुजका, तळ्याकाठचा वास नाकात गेला आणि दोन वर्षांपूर्वीचा उन्हाळा आठवला. मन भरून वगैरे आलं नाही. मी आधी वाकून टाकी बघितली. तेव्हापासून ती सवयच लागली आहे.

मी दवाखान्यात सिस्टर आहे. या नोकरीनं मला एक खोड लावली. चांगल्या बातमीवर माझा पटकन विश्वास बसत नाही. पेशंटचा ताप झरझर उतरला की नव्या मुली खूश होतात, मी त्याच्या पायाचे तळवे चाचपते. रडणारं मूल एकदम गप्प झालं की मी आधी तिकडे पळते. आकडा खाली आला म्हणजे माणूस बरा झाला, असं नसतं. तो कशामुळे खाली आला, हे कळेपर्यंत मला चैन पडत नाही.

त्यामुळे पर्यावरण, बचत, हिरवं जगणं ही भाषा कानावर आली की मी जरा बाजूला सरकून बघते. घरात कापडी पिशव्यांचा एवढा ढीग आहे की त्यांच्यासाठी एक मोठी पिशवी ठेवावी लागली. प्रत्येक कार्यक्रमात नवी मिळते. वीज वाचवण्यावरचं एक शिबिर मी केलं आहे. हॉल इतका थंड होता की पदर खांद्यावरून ओढून घ्यावा लागला, आणि प्रत्येकीपुढे प्लास्टिकची पाण्याची बाटली होती. बांबूचा टूथब्रश घरी आला तो प्लास्टिकच्या दोन थरांत गुंडाळून. एलईडी दिवे आल्यापासून आमच्या गल्लीतले लोक दिवे बंद करायचंच विसरले. विचारलं तर म्हणतात, त्याला कितीशी वीज लागते?

माझं माहेर लातूरचं. नळाला महिना महिना पाणी यायचं नाही, त्या वर्षांत माझी आई एकच पाणी तीनदा कामाला लावायची. तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं फरशीला, फरशीचं संडासात. घागर कलती करून शेवटचं पेलाभर पाणी काढताना तिच्या कपाळावरची शीर तट्ट फुगायची. तिला कुणी हरित म्हटलं नाही, बक्षीस दिलं नाही. पाणी नव्हतं, एवढंच. पाणी आल्यावर तिनं पहिल्या दिवशी अंगणात बादल्याच्या बादल्या ओतल्या, तेही मी पाहिलं आहे. म्हणून गरजेनं केलेली बचत आणि हौसेनं केलेली बचत यांत मी गल्लत करत नाही.

तर त्या उन्हाळ्यात आमच्या लेकीला, ऋतुजाला, हौस आली.

ती तेव्हा लातूरला क्लाससाठी राहत होती. सुट्टीला घरी आली ती डोक्यात हेच घेऊन. घरात पाऊल टाकल्या टाकल्या तिनं बटणांवर चिठ्ठ्या डकवल्या. टीव्हीवर, मिक्सरवर, आणि आबांच्या खोलीतल्या कूलरवर. ‘आबा, मी चालू राहणं गरजेचं आहे का?’ असं त्या कूलरनं आबांना विचारलं होतं. खाली हसरा चेहरा. मला तेव्हाच राग आला होता.

आबा म्हणजे माझे सासरे. सगळी गल्ली त्यांना आबा म्हणते, मीही. मुदखेडजवळच्या गावात आमची शेती आहे, ती आता दीर बघतात. आबा थकल्यावर आमच्याकडे आले. रक्तदाबाच्या गोळ्या चालू, त्यातली एक अंगातलं पाणी लघवीवाटे काढणारी. असा माणूस वैशाखातल्या दुपारी पत्र्याच्या खोलीत कूलरशिवाय पडला तर काय होतं, ते मी वॉर्डात दर वर्षी बघते. आधी माणूस बडबडतो, मग घाम थांबतो, मग बडबडही थांबते. घरचे सांगतात, सकाळी तर चांगले होते हो.

ऋतुजा घरात थांबली नाही, गल्लीत शिरली. व्हॉट्सअ‍ॅपवर गट केला, ‘आपली हरित गल्ली’. दर रविवारी सकाळी प्रत्येक घरानं मीटरचा फोटो टाकायचा. ज्याचा वापर आठवड्यात सगळ्यात जास्त घटेल त्याला हिरवं पान, ज्याचा वाढेल त्याला लाल चेहरा. संध्याकाळी कडुनिंबाखाली निकाल. लोकांनाही मजा वाटली. स्वतःच्या मीटरपेक्षा दुसऱ्याच्या मीटरमध्ये लोकांना जास्त रस असतो, हे पोरीनं बरोबर ओळखलं होतं.

पहिल्या आठवड्यात आमचा आकडा थोडा खाली आला. बरोबर होतं, दिवे-पंखे बंद करायला लागलो होतो. दुसऱ्या आठवड्यात चांगलाच घसरला. तिसऱ्या आठवड्यात आम्ही गल्लीत पहिले. ऋतुजा घरभर नाचली. हे, म्हणजे माझे मिस्टर, मुदखेडला बी-बियाण्यांचं दुकान चालवतात. खरीप तोंडावर, त्यामुळे सकाळी जातात ते दिवे लागल्यावर येतात. ते म्हणाले, “घ्या, आपणच पहिले.”

“पण कशानं?” मी म्हटलं.

“अगं, पोरीनं एवढं केलंय. कौतुक कर की.”

मी मीटर बघितलं. चालू होतं. फ्रीज तोच, पंखे तेच. माझी ड्यूटी सकाळी सुरू व्हायची ती दुपार कलेपर्यंत. ऋतुजा दुपारी अभ्यासिकेत जायची. मी एकदा सहज विचारलं, “तिथं पंखे आहेत का गं?” ती म्हणाली, “एसी आहे. पण तो माझ्या एकटीसाठी थोडाच लावतात?” बरं. म्हणजे तिची दुपार आमच्या मीटरवर नव्हती, दुसऱ्या कुणाच्या होती. संशयाचं पहिलं टोक मला तिथं सापडलं.

दुसरं टोक टाकीत. कूलरची टाकी मी सकाळी काठोकाठ भरून जायची. आमच्याकडच्या मे महिन्यात संध्याकाळपर्यंत तळ दिसतो, मोटार कोरडी घुरघुरते. त्या दिवशी मी आले तेव्हा कूलर चालू होता, आबा खाटेवर डोळे मिटून पडले होते, आणि टाकी भरलेलीच होती.

“आबा, कूलर लावला नव्हता का दिवसभर?”

“लावला की.”

“मग पाणी कसं उरलं?”

“तुझी टाकीच लई मोठी हाय.”

“गेल्या उन्हाळ्यातही हीच टाकी होती.”

“तू मला दवाखान्यातल्यावानी कशाला इचारून राहिली? जित्ता हाय ना मी?”

जिवंत होते, हे खरं. मी नाडी बघितली. चांगली होती. तोंडाला कोरड नव्हती. पण माझ्या मनानं घेतलं की हा माणूस नातीच्या हिरव्या पानासाठी दिवसभर कूलर बंद ठेवतो आणि माझ्या गाडीचा आवाज आला की बटण दाबतो. त्या पिढीला वस्तू वापरण्यापेक्षा न वापरण्याचं सुख जास्त. नवी चादर ट्रंकेत, जुनी अंगावर. अशा माणसाला कूलरवरची ती चिठ्ठी म्हणजे आज्ञाच.

तिसरी गोष्ट तांब्याची. आबांचा एक पितळी तांब्या आहे, गावाहून आणलेला. पाणी ते त्यातूनच पितात. तो रोज संध्याकाळी जागेवर नसायचा. कधी ओसरीत, कधी फाटकाजवळच्या कट्ट्यावर सापडायचा. मी यांना म्हटलं, “आबा दुपारचे तांब्या घेऊन कुठं जात असतील?”

हे हसायला लागले. “गावची सवय असेल. मोकळ्यावर.”

“घरात दोन-दोन संडास असताना, या उन्हात?”

“मग विचार त्यांना.”

तेवढं मात्र मला जमलं नाही. सुनेनं सासऱ्याला विचारायच्या गोष्टींत ती बसत नव्हती.

चौथ्या आठवड्यात एका मैत्रिणीशी ड्यूटी बदलून मी भर दुपारी घरी आले. गल्ली अशा वेळी बघण्यासारखी असते. कुत्री गटारात पोट टेकून पडलेली, डांबर मऊ, सगळी दारं बंद. आमच्या दाराला बाहेरून कडी. आत कूलर बंद. गवताला हात लावला, खडखडीत वाळलेलं. खाट रिकामी. तांब्या नव्हता.

घाबरले, हे कबूल करते. उन्हानं भान गेलेला म्हातारा कुठंही चालत सुटतो. त्याच आठवड्यात असे एक आजोबा लोकांनी रस्त्यावरून उचलून आमच्याकडे आणले होते. मी डोक्यावर ओढणी बांधली आणि निघाले. कडुनिंबाखाली कुणी नाही. मारुतीच्या ओट्यावर नाही. किराणा दुकानाचं शटर खाली. परत येताना सोनकांबळ्यांच्या दाराशी मला चपला दिसल्या. एका घरात असतात त्यापेक्षा पुष्कळ जास्त. त्यात टायरच्या तळाची, अंगठ्याला तार बांधलेली एक जोडी होती. ती तार मीच बांधली होती.

सोनकांबळे साहेब विष्णुपुरीला पाटबंधारे खात्यात होते. निवृत्त होऊन त्यांनी गल्लीच्या टोकाला घर बांधलं. वहिनींना दम्याचा त्रास म्हणून हॉलला एसी. रविवारच्या निकालात हे घर दर आठवड्याला शेवटी. लाल चेहरा. देशमुखांचा अमोल गटावर लिहायचा, ‘साहेबांनी गल्लीचं नाक कापलं.’ त्याखाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. वहिनी एका शब्दानं उत्तर देत नसत.

मी दार ढकललं. पहिल्यांदा कानाला गारवा लागला. मग बुद्धाची मूर्ती दिसली, आणि खाली सतरंजीवर गल्लीतली निम्मी म्हातारी माणसं. देशमुखांची, म्हणजे त्या अमोलचीच आई दिवाणावर चक्क घोरत होती. शेख टेलरचे अब्बा भिंतीला टेकून तसबीहचे मणी ओढत जप करत होते. साहेब मोठ्यानं पेपर वाचत होते. आणि आमचे आबा, कानाला उपरणं गुंडाळून, स्टीलच्या पेल्यातून ताक पीत होते. तांब्या शेजारी होता. उघडा, कोरडा.

“या सिस्टर,” वहिनी म्हणाल्या. “आधी दार लावा, गारवा जातोय.”

आबांनी पेला खाली ठेवला. मग परत उचलला. मग परत ठेवला. एवढ्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच गोंधळलेलं पाहिलं.

आता हे सांगायला हवं. मी लग्न होऊन आले तेव्हा आमच्या गावच्या घरी बाहेरच्या कोनाड्यात एक कान तुटलेला कप असायचा. सोनकांबळ्यांसारख्या घरांतले गडी कामाला आले की त्यांना त्यात चहा मिळायचा, तोही वरून ओतून, आणि कप त्यांनीच धुवून ठेवायचा. हे पूर्वीच्या काळातलं नाही, माझ्या डोळ्यांदेखतलं आहे. आबांना त्यात कधी वावगं वाटलं नव्हतं. म्हणून तांब्याचा अर्थ मला तिथं उभ्या उभ्या कळला. पहिल्या दिवशी ते गार हवा त्यांची आणि पाणी आपलं, अशा हिशोबानं आले होते. तांब्या कधी कोरडा पडला आणि पेला कधी हातात आला, ते मी विचारलं नाही. वहिनींनाही नाही. त्यांनी तांब्याचा अर्थ पहिल्याच दिवशी ओळखला असणार. तरीही दार उघडं ठेवलं.

वहिनी मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. “या रविवारनंतर एसी बंद करणार आहेत साहेब,” त्या हळू बोलल्या. “मी रात्रीचा लावीन थोडा, दमा आहे म्हणून. दिवसा नाही. लोकांचं ऐकून घेण्यापेक्षा बंद बरा, म्हणतात.”

“आणि ही माणसं?”

“आपापल्या घरी जातील. कूलर आहेतच की सगळ्यांकडे.”

कूलर होते. पण ते लावले जाणार नाहीत, हे मला माहीत होतं. घरोघरी आता चिठ्ठ्या होत्या, पानं होती. देशमुखांच्या घरी तर स्वतःचा एसी होता, आणि पहिल्या नंबरसाठी अमोल त्याचा रिमोट खिशात घालून दुकानात जायचा. आई दुपारभर कुठं असते, हे त्यानं कधी विचारलं नसावं. उद्या ही सगळी माणसं पत्र्याखाली, बंद दाराआड, नातवंडांच्या कौतुकासाठी उकडत बसणार. त्यातलं कोण पहिलं माझ्या वॉर्डात येणार, तेही मी सांगू शकले असते.

घरी येताना आबा माझ्या पुढं चालत होते. फाटकाशी थांबले.

“गावाकडं सांगू नको.”

“काय? गार हवेत बसता ते?”

ते फाटकाची कडी चाचपत राहिले.

“का ताक पिता ते?”

“लई बोलती तू,” आबा म्हणाले.

“आबा, एसी बंद होणार आहे. मी रविवारी बोलले तर लोक म्हणतील, सिस्टरला सवय आहे बोलायची. तिथं बसता तुम्ही. बोलायचं तर तुम्ही बोला. नाहीतर उद्यापासून मी कूलरला बाहेरून कुलूप घालते, बंदच करता येणार नाही असं.”

“त्ये कसं करशील?”

“वायर थेट जोडते.”

मी ते खरंच केलं असतं.

रविवारी कडुनिंबाखाली नेहमीसारखी माणसं जमली. ऋतुजानं मोबाइलमध्ये बघून निकाल सांगितला. आमचं घर पहिलं. टाळ्या. देशमुख दुसरे. शेवटी सोनकांबळे. अमोल ओरडला, “साहेब, आता गल्लीला एक मेणबत्ती तरी दान करा!” लोक हसले. साहेब मान खाली घालून चष्मा पुसत होते. वहिनी आल्याच नव्हत्या.

आबा उठले. उठायला त्यांना वेळ लागतो, त्यामुळे हसणं आपोआप थांबलं.

“ऋतुजा, त्ये पान तिकडं दे. सायबाच्या घरी.”

“आबा, त्यांचा वापर वाढलाय.”

“वाढंल न्हाई तर काय व्हईल? आमी समदे दुपारी तिथं असतो.”

“समदे म्हणजे कोण?” अमोलनं विचारलं.

“मी हाय. शेख अब्बा हाय. तुझी आई हाय. लई घोरती.”

यावर जो हशा झाला त्यात अमोलचा चेहरा बघण्यासारखा होता. मला वाटलं, झालं, आबा बसतील. एवढं पुरेसंही होतं. पण ते बसले नाहीत. काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि कुणी विचारलेलं नसताना म्हणाले,

“आन् ताक बी तिथंच पितो. रोज.”

गल्लीतल्या बऱ्याच जणांना त्यात विशेष काय, ते कळलं नसेल. साहेबांना कळलं. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि आबांकडे नीट बघितलं. कुणीतरी ते सगळं मोबाइलवर टिपून गटावर टाकलं. आमच्या गावाकडच्या दोन-तीन जणांनाही ऋतुजानं त्या गटात घेतलं होतं. त्या रात्री दिरांचा फोन आला. आबा त्यांच्याशी काय बोलले, मला ऐकू आलं नाही. फोन लवकर संपला.

ऋतुजानं दोन दिवस तोंड पाडलं आणि मग घरोघरीचे आकडे सोडून अख्ख्या गल्लीचा एक आकडा काढायला लागली. हे तिला आधी सुचायला हवं होतं, असं मी म्हटलं. ती म्हणाली, “मम्मी, तुलाही सुचलं नव्हतं.” ते बरोबर आहे. एसी कूलरपेक्षा जास्त वीज ओढतो, हे मलाही कळतं. पण दोन एसी, चार कूलर, तेवढे पंखे आणि टीव्ही बंद राहून एक खोली थंड राहते. साहेब एसीचा आकडा सव्वीसच्या खाली जाऊ देत नाहीत. शिवाय कूलर टाक्याच्या टाक्या पाणी पितो, त्याचा हिशोब कुणी धरतच नाही. लातूरची असल्यामुळे मी धरते. एकूण वाचत असावं. असावं, इतकंच. संध्याकाळी सगळे घरी परतून चवीनं टीव्ही लावून बसतात, तेही मी बघते. अमोल स्टेटसला झाडांचे फोटो ठेवतो, आणि त्याच्या तळघरातल्या दुकानातले दिवे दिवसभर चालू असतात.

तेव्हापासून कुणी मला म्हणालं की आमच्या घरचा वापर एकदम कमी झाला, तर मी अभिनंदन करत नाही. मी विचारते, दुपारी तुमची म्हातारी माणसं कुठं असतात?

या वर्षी नवं गवत आणून मी जाळ्यांत भरायला बसले तेव्हा आबा दारात आले. थोडे आणखी वाकले आहेत.

“त्यात कशाला गवत भरून राहिली? दुपारी मी न्हाई घरी.”

“रात्रीला लागेल. आणि तिकडचा एसी बिघडला तर?”

“बिघडला तर बिघडला.” मग चपला घालता घालता, “त्या बाईला सांग, ताकात मीठ कमी पडतं. मी सांगितलं तर भांडती.”

“तुम्हीच भांडा. मी मध्ये पडत नाही.”

ते कुरकुरत फाटकाबाहेर पडले. काठी टेकत, उपरणं कानाला, ऊन डोक्यावर, पण दहा घरांपुरतंच. मी गवत भरलं, टाकी काठोकाठ भरली आणि हात धुवायला आत गेले. तांब्या घरीच, ओट्यावर पालथा घातलेला होता. तरी मी तो उचलून बघितला. कोरडा होता.